एकाच ट्रेमध्ये

तळ्यावरच्या मावशींचा नियम एकच, आणि तो त्या येणाऱ्या प्रत्येक शाळकरी पोराला कानीकपाळी ओरडून सांगायच्या: "खाणारा आणि खाल्ला जाणारा एका ट्रेमध्ये ठेवायचा नाही, कळलं का रे गाढवांनो?" अभयारण्याची राखण करता करता मावशींचे केस पिकले, पण नियम कधी मोडला नाही. मोडायला मेला आजचाच दिवस सापडला!

तळं बुजवून तिथे गाड्या लावायला जागा करायचं घाटत होतं. पाहणीला आलेल्या तज्ज्ञ बाई भल्या होत्या. त्यांनी आल्याआल्याच सांगितलं, "दुर्मिळ काही सापडलं तर हे काम मी थांबवू शकते. पण मला स्वतःला दिसायला हवं." मावशींनी गेल्या वर्षी एकदाच पाहिली होती ती, पाठीवर उलटी पोहणारी, काचेसारखी आरपार, नखाएवढी कोळंबी. सकाळपासून जाळ्या मारून मारून दोघींचे खांदे भरून आले. पाणविंचू मिळाले, गोगलगायी मिळाल्या, चतुराची एक जाडजूड अळी मिळाली. कोळंबीचा पत्ता नाही. शेवटी बाई हात धुऊन गाडीकडे निघाल्या.

राहवेना म्हणून मावशींनी कडेच्या उथळ खळग्यात आणखी एकदा जाळी फिरवली. आणि अहो, आली की ती! समोर पांढरा ट्रे होता, त्यात तिला अलगद सोडलं आणि या वयात त्यांनी फाटकाकडे धूम ठोकली.

"बाई, थांबा! सापडली!"

दोघी धापा टाकत परतल्या. ट्रेमधलं पाणी संथ होतं. कुजक्या पानाखाली दडलेली चतुराची अळी आता उघड्यावर बसली होती. तिचे जबडे चालत होते. बाकी ट्रेमध्ये काही नव्हतं.

"मीच घातली," मावशी म्हणाल्या. "माझ्या हातांनी."

बाईंनी पुन्हा बाह्या सरसावल्या. अंधारून येईपर्यंत दोघींनी तो खळगा विंचरून काढला. काही नाही.

"मावशी, माझा विश्वास आहे हो तुमच्यावर," बाई म्हणाल्या. "पण न बघता मी लिहू कसं?" आणि त्या गेल्या.

मावशींनी अळी तळहातावर घेतली. चिरडून टाकावी असं फार वाटलं. पण ज्या पाण्यातलं त्या पाण्यात सोडायचं, ही शिकवणही त्यांचीच. त्या काठावर बसल्या, हात पाण्यात बुडवला.

"जा बाई," त्या म्हणाल्या. "पंख फुटायची घाई कर तेवढी. माती टाकायला येतील आता."