पुरात सोडलेली काहील

मित्रांनो, उसाचा रस आटवून गूळ करायची पसरट लोखंडी कढई तुम्ही पाहिली असेल. तिला काहील म्हणतात. मी तशीच एक, आता गंजू लागलेली. सांगलीच्या लोहारांनी पत्रे रिबिटांनी जोडून मला घडवले, तेव्हाच माझे आयुष्य ठरून गेले होते: हंगामात आगीवर, हंगाम सरला की गुऱ्हाळाच्या छपराखाली पालथे. ते पालथे पडणे मला कधी मानवले नाही. पोटात अंधार, बाहेर पाऊस, आणि सगळे अंग कशाची तरी वाट बघत असायचे.

लढाई संपली आणि माझे मालक हंबीरराव फौजेतली सुभेदारी आटोपून गावी आले. पुढच्याच श्रावणात कृष्णेने मळ्यांना वेढा घातला. खालच्या मळ्यातला गुंडा सुईणीला न्यायला गावात आला होता, तो तिथेच अडकला. मागे दिवस भरलेली बायको अंजना आणि आई शालूबाई. घर मातीचे, भिंती खचू लागलेल्या. गावची नाव पैलतीरी राहिलेली. हंबीररावांनी मला उताणी केली.

काठीने चिखलात रेघा ओढून त्यांनी बेत आखला. वरच्या अंगाने मला पाण्यात सोडायचे. मोटेचा नाडा, म्हणजे विहिरीचे पाणी ओढायचा जाड दोर, माझ्या कडीला बांधायचा. देवळाच्या ओट्यावरच्या माणसांनी तो सैल सोडत जायचे आणि बायका बसल्या की ओढून घ्यायचे. जाताना सगळे ठरल्याप्रमाणे झाले. मी गरगर फिरले, पण सुभेदार आणि गुंडाला घेऊन घराच्या छपराला लागले.

छपरावरून माझ्यात उतरताना शालूबाई म्हणाल्या, "आयुष्यभर ह्यातला गूळ खाल्ला. आता मलाच शिजवताय व्हय रं?"

"तुमी शिजायच्या न्हाईसा, आत्ती," सुभेदार म्हणाले. "बसा गप."

ओट्यावरच्यांनी नाडा ओढला आणि माझी त्या बाजूची कड दबली. धार मला खाली रेटत होती, नाडा वर खेचत होता. पाणी आत आले. अंजनाने पोट दोन्ही हातांनी धरले. मी कशात तरी अडकलेय असे वाटून ओट्यावरची माणसे आणखी जोराने ओढू लागली.

सुभेदारांनी कमरेचा कोयता काढला.

"तोडू नका, सुभेदार. वाहून जाऊ की," गुंडा ओरडला.

"जाऊ. खाली वळणावर बाभळीचा माळ हाय, तितं लागू."

"पर ठरलं हुतं तसं..."

"ठरलं तवा ही धार बघितली न्हवती, गड्या. उतर पाण्यात."

नाडा तुटताच मी सरळ झाले. दोघे दोन बाजूंच्या कड्या धरून पोहू लागले, माझ्या गिरक्या थोपवू लागले. शालूबाई तांब्याने पाणी उपसत होत्या आणि दोघांना शिव्या देत होत्या. वळणावर मी बाभळीवर आदळले, कडेला मोठा पोचा पडला, आणि आम्ही माळाला लागलो.

बोलावलेली सुईण गावातच राहिली. माळावरच्या धनगरांच्या धोंडुबाईने अंजनाला सोडवले. मुलगी झाली.

हंगाम आला तेव्हा गूळ शिजवणारा गुळव्या मला बघून म्हणाला, "आवं, ही आता चुलवाणावर बसायची न्हाई. मोडीत घाला."

सुभेदारांनी चुलवाणाचा, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या मातीच्या चुलीचा, काठ माझ्या पोच्याएवढा उकरून घेतला. "माती हाय ती, वळंल," म्हणाले.

मित्रांनो, तुमच्याही घरी काम सरले म्हणून पालथे घातलेले काही असेल. त्याचा गंज खरवडा, त्याला तेलाचा हात लावा. आपण कशासाठी उपयोगी पडू, हे त्यालाही ठाऊक नसते.

आता श्रावणात मला उताणीच ठेवतात. गुंडाची पोर माझ्यात बसून कोरड्या जमिनीवर काठी मारते आणि आजीला हुकूम सोडते, "नाडा तोड गं." शालूबाई तोडल्यासारखे करतात. मला अजून वाटते, आता निघेन.