पाण्यावरचा लाल तवंग

घरातली एखादी वस्तू गुपचूप कमी होऊ लागली की बाईमाणसाचा संशय आधी मांजरावर जातो, मग शेजारणीवर. पण मांजर हळद खात नाही, आणि शेजारीण मानीबाई महिनाभर माहेरी होती. तेव्हा हंसाबाईने सरळ नवऱ्यावरच संशय घेतला, आणि तो खरा निघाला.

१९६२ सालचा उन्हाळा. घाटंजीपासून कोसभरावरच्या तांड्यात ती सकाळी भाजी फोडणीला टाकत होती. समोर बाजेवर सासरे, डोंगरसिंग, बसलेले. सासऱ्यांच्या देखत नवऱ्याशी तोंडावर बोलायची तिची रीत नव्हती. म्हणून पदर पुढे ओढून ती हळदीच्या डब्याशी बोलली.

"काहून रे डब्या, गेल्या बाजारी तुले काठोकाठ भरलं होतं. तुह्या पोटातली हळद कोनं खाल्ली?"

डबा गप्प राहिला. तिचा नवरा भावसिंग उगाच सायकल पुसू लागला.

म्हातारा हसला. "डबा काय बोलते बेटी! भावसिंग, तूच सांग. कोठं लागलं का तुले?"

"मले नाई बा," भावसिंग खाली बघत म्हणाला, "गाडीले."

भावसिंग घाटंजीच्या प्रसूतिगृहाची गाडी चालवायचा. एका जिनिंगवाल्याने नवी मोटार घेतली तेव्हा जुनी अमेरिकन मोटार दान देऊन टाकली होती, ती ही. तिचे गिअर आपोआप पडत, म्हणून लोक तिला 'बिनगेरची गाडी' म्हणत. मागचं बाक काढून तिथे खाट बसवली होती. अडलेल्या बाईला यवतमाळच्या दवाखान्यात पोचवायचं हे तिचं काम. तीन वर्षांत ती वाटेत एकदाही बंद पडली नव्हती, आणि ही गोष्ट कोणी विचारली नाही तरी भावसिंग सांगायचा.

पंधरा दिवसांपूर्वी रेडिएटरचं झाकण उघडलं तर पाण्यावर लाल तवंग, आणि खालून थेंबथेंब गळती. या गाडीत गिअरचं लाल तेल एका बारीक नळीतून जाई. ती नळी रेडिएटरच्या पाण्यात बुडालेली असे, म्हणजे तेल थंड होऊन गिअरात परत येई. नळी चिरली की तेल पाण्यात आणि पाणी तेलात. हे सगळं त्याला ठाऊक होतं. तरी त्याने केलं काय, तर वणीला कोळशाच्या ट्रकवर असताना जे करायचा तेच. गळक्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायची, भेग बुजते, वेळ निभावते. पण ट्रकच्या गिअरचा रेडिएटरशी काही संबंध नव्हता. इथे हळदीने बाहेरची गळती थांबली आणि आतली चालूच राहिली. तेल तपासायची कांडी काढली की आता तिच्यावर दुधाच्या चहासारखं काहीतरी दिसे.

"मंग हे विमलताईले सांगतलं?" म्हाताऱ्याने विचारलं. विमलताई म्हणजे प्रसूतिगृहाच्या मुख्य नर्स.

"नाई."

"काहून?"

"गेल्या साली ब्रेकची कुरकुर सांगतली, तर सगळ्यायसमोर म्हणाल्या, भावसिंग, तुझं रोज नवीन रडगाणं असतं. तवापासून सांगणं सोडलं. अन् गाडी चालून राह्यली ना बा. आता थांबवली तर बसंतीचं काय?"

बसंती भावसिंगची धाकटी बहीण. बाळंतपणाला माहेरी आली होती आणि त्या वेळी दारात बसून तूर निवडत होती. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळंतपण दोन दिवस रेंगाळलं आणि मूल गेलं. या खेपेला कळा सुरू झाल्या की थेट यवतमाळ, असं विमलताईंनी बजावून ठेवलं होतं. दिवस भरायला दहाएक दिवस उरले होते.

म्हाताऱ्याने मुलाला जवळ बसवून घेतलं.

"माह्या बापाजवळ चाळीस बैलायची लदेणी होती. मीठ, कापूस, सारं बैलायच्या पाठीवर वाहून नेत होते. मुक्कामाले गोण्या उतरवल्या की माणसं पहिले जेवत नव्हती. पहिले हरेक बैलाच्या पाठीवरून हात फिरवत. बोराएवढी सूज लागली तरी सांगा लागे, या बैलाले उद्या गोणी नोको. मंग त्याचं वझं बाकीचे बैल वाटून घेत. सूज सांगणाऱ्यावर कोणी रागावत नव्हतं. लपवणाऱ्याशी मात्र माहा बाप तीन दिवस बोलत नव्हता."

"सुजीवर तुमी हळद नव्हते लावत?" भावसिंगने विचारलं.

"लावत होतो ना. पण हळद लावून वरून गोणी नव्हतो ठेवत."

भावसिंगची मान आणखी खाली गेली.

"लोक म्हणत, लमाणाचा माल पोचते म्हणजे पोचतेच," म्हातारा म्हणाला. "तुले वाटते, आमी थांबत नव्हतो म्हणून? अरे बाप्पा, थांबा लागे तिथं थांबत होतो म्हणून पोचत होता."

दारातून बसंतीने भावाला हलक्या आवाजात विचारलं. "भिया, मले घेऊन जातानी ते गाडी घाटात बंद पडली असती, तर?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. भावसिंग उठला, सायकल काढली आणि न जेवताच घाटंजीची वाट धरली.

विमलताईंनी सगळं ऐकलं आणि वही उघडून गाडीच्या खेपा मोजल्या. "पंधरा दिवस! या पंधरा दिवसांत मी चार बाया पाठवल्या त्या गाडीतून. एका शब्दानं सांगायचं होतं, भावसिंगभाऊ."

"सांगणार होतो, बाई. पण ब्रेकच्या वेळचं ध्यानात होतं."

विमलताईंना आठवलं. त्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष आले होते, खर्चाची बोलणी खाऊन त्या वैतागलेल्या होत्या आणि तो वैताग या माणसावर निघाला होता. त्या खुर्चीत बसल्या. विमलताई भारी कडक बाई, चूक कबूल करणं त्यांना औषध पिण्यासारखं जड जाई. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही लपवलं ही तुमची चूक. पण तुम्हाला लपवायला शिकवलं मी. बसंतीला उद्या सकाळी एस.टी.ने घेऊन या. मी सोबत येते. यवतमाळला माझी बहीण बेबीताई दवाखान्यामागंच राहते, दिवस भरेपर्यंत बसंती तिथं राहील. आणि गाडी आता जागची हलवायची नाही."

तिसऱ्या दिवशी यवतमाळहून वामनराव मिस्त्री आले. पूर्वी लष्कराच्या वर्कशॉपात होते, अमेरिकन गाड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. नळीत हवा भरून त्यांनी ती बादलीत बुडवली. एका जागी बुडबुडे आले. केसाएवढी भेग! त्यांनी ती झाळून बुजवली, हळदीचा गाळ धुऊन काढला आणि गिअरचं तेल तीन वेळा बदललं.

"आणखी दोन खेपा मारल्या असत्या," वामनराव म्हणाले, "तर पाण्यानं आतल्या चकत्या फुगून सुटल्या असत्या. मंग गाडी चढावर हलली नसती. अन् असा गिअर नागपुरातही भेटला नसता."

ते हे सांगत होते त्याच दुपारी, आठवडाभर आधीच, बसंतीला कळा सुरू झाल्या. बाळ आडवं होतं. पण ती दवाखान्याच्या दारातच होती, डॉक्टरीणबाई समोरच होत्या, आणि दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. बाळबाळंतीण दोघी सुखरूप! निरोप आला तेव्हा डोंगरसिंग लहान मुलासारखा रडला आणि हंसाबाई सासऱ्यांचा आडपडदा विसरून नवऱ्याशी तोंडावर बोलली.

दहाव्या दिवशी भावसिंग तीच गाडी घेऊन बहिणीला आणायला गेला. मुलगी मांडीवर घेऊन बसंती गाडीतल्या खाटेवर बसली, तरी भावसिंगने आधी रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी पाहिलं, कांडी काढून तेल पाहिलं. सोबत आलेल्या विमलताई भर उन्हात बाजूला उभ्या होत्या. त्यांनी घाई केली नाही.

वाचकहो, बिघाड कोणाला चुकला आहे? तो यंत्रात होतो, घरात होतो, संस्थेतही होतो, आणि सुरुवातीला केसाएवढाच असतो. तो झाकणाऱ्याला आपण दोष देतो, आणि तो द्यायलाच हवा. पण जो धीर करून सांगायला येतो त्याच्यावर खेकसून आपणच त्याला झाकायला शिकवतो, हे कोणी ध्यानात घेत नाही. वेळेवर थांबणं हा कमीपणा नव्हे, आणि थांबा म्हणणारा आपला वैरी नव्हे. आपल्या घरातली वाईट बातमी आपल्याला सगळ्यात आधी कळते की सगळ्यात शेवटी, एवढं ज्याने त्याने आज स्वतःला विचारून पाहावं.