टिचबटण आपोआप लागत नाही

मी शर्ट बोलतोय. गडद निळा, पूर्ण बाह्यांचा, छातीवर दोन खिसे. जन्म सोलापूरजवळची चिंचोळी एमआयडीसी, नोकरी अमेरिकेच्या पोलिसात. आता तुम्ही म्हणाल, शर्टानं एवढी मिजास कशाला करावी? करणार. सोलापूरच्या चादरीचं कौतुक करता, टॉवेलचं करता, आणि मी तर सरकारी नोकरीत होतो. पुढं निलंबित झालो, ती गोष्ट वेगळी. तीच सांगायला बसलोय.

मला कापलं आबासाहेब मास्तरांनी. मूळचे सांगोल्याकडचे, पण तीस वर्षं सोलापुरात कात्री चालवतात. पोलीस, होमगार्ड, बँडवाले, शाळेचे शिपाई, सगळ्यांच्या वर्द्या त्यांच्या हातून गेल्या. अमेरिकेहून सॅम्पल आलं तेव्हा त्यांनी ते टेबलावर पसरलं, चष्मा कपाळावर सारला आणि डाव्या खिशाकडं बघतच राहिले. खिशाला झाकण नव्हतं.

“एवढी मोटी अमेरिका,” ते म्हणाले, “आन् खिसा उगडाच ठिवला की.”

कंपनीचा नियम भिंतीवर लाल अक्षरात रंगवलाय: जसं सॅम्पल, तसा माल. पण मास्तरांचाही एक नियम होता. पोलिसाच्या खिशाला झाकण नसलं तर तो पोलीस कसला, हॉटेलातला वेटर. म्हणून त्यांनी आपल्या मनानं झाकण टाकलं. कुणी मागितलं नव्हतं. भाजीवाली वरून दोन मिरच्या टाकते ना, तसं. त्या खिशात कॅमेरा बसतो, साहेब रस्त्यावर काय करतात ते त्यात दिसावं म्हणून खिसा मुद्दाम उघडा ठेवलाय, हे मास्तरांना कुणी सांगितलंच नव्हतं.

झाकणाला टिचबटण बसवलं फुलाबाईनं. बटणाच्या मशीनवर तीच बसते. हात असा पक्का की तिनं बसवलेलं टिचबटण लावायला अंगठा जोरात दाबावा लागतो, मग ‘टच्’ असा आवाज येतो. मास्तर तिला म्हणायचेसुद्धा, बाई, जरा सैल बसवा, लोकांची नखं तुटतील.

फुलाबाई सेटलमेंट भागात राहते. इंग्रजांनी काही जमातींना जन्मतःच चोर ठरवून कुंपणात ठेवलं होतं, ती ही वस्ती. कुंपण गेलं, इंग्रजही गेले. पण आमच्या गेटवर शहाजी वॉचमन आहे. सहाला सुट्टी झाली की सत्तर बायका बाहेर पडतात. एकोणसत्तर जणींना शहाजी मान हलवतो. फुलाबाईची पिशवी मात्र दोनदा उघडतो. दोन वर्षांत त्याला त्या पिशवीत जेवणाचा डबा, शेंगाचटणीची पुडी आणि चष्म्याचं घर एवढंच सापडलंय. तरी रोज नव्या उमेदीनं उघडतो.

असो. मी पेटीत बसलो, बोटीत बसलो, अमेरिकेला पोचलो. गावाचं नाव सांगत नाही, तिथं वकील फार आहेत. मला एक साहेब मिळाले. सहा फूट उंच, सतत च्युइंगम चघळणारे. माणूस वाईट नव्हता हो. कुत्र्यांशी तर इतकं गोड बोलायचे की माझ्या कॉलरला लाज वाटायची. गोऱ्या म्हाताऱ्यांना हात धरून रस्ता ओलांडून द्यायचे. काळ्या माणसानं रस्ता ओलांडला की मात्र गाडी हळू व्हायची. मी त्यांच्या छातीवर, त्यामुळं ठोके वाढलेले मला लगेच कळायचे. त्या माणसानं काही केलेलं नसायचं. तो नुसता दिसायचा.

माझं झाकण बघून पहिल्या दिवशी सगळी चौकी गोळा झाली. त्यांच्या जुन्या शर्टांना असली सोय नव्हती. एकानं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं, आणि बाकीचे लहान पोरांसारखे हसले. मला वाटलं, मास्तरांच्या हातकामाचं कौतुक चाललंय. छाती फुगली की माझी!

मग तो मंगळवार आला. सकाळचे अकरा वाजले असतील. फोन आला की एका घराच्या दाराशी एक अनोळखी माणूस हातोडा घेऊन उभा आहे. आम्ही गेलो. माणसाचं नाव लेनर्ड. फ्रिज दुरुस्त करायचा. घर नुकतंच घेतलेलं, आणि आपल्याच दारावर आपल्याच नावाची पाटी ठोकत होता. समोरच्या अंगणात एक गोरा गृहस्थही हातोडा घेऊन कुत्र्याचं घर ठोकत होता. त्याला आमच्या साहेबांनी हात केला.

लेनर्डला विचारलं, हे घर कुणाचं? तो म्हणाला, माझं, आणि पाटीकडं बोट दाखवलं. साहेब म्हणाले, “पाटी तर तूच ठोकतोयस.”

यावर माणसानं काय बोलावं, सांगा. लेनर्ड म्हणाला, आत कागद आहेत, आणतो. त्यानं पाठ वळवली, आणि साहेबांचा अंगठा माझ्या डाव्या खिशावर आला. टच्. मागे चार शिपाई होते. टच्, टच्, टच्, टच्. त्यानंतर काय झालं ते कॅमेऱ्यांनी पाहिलं नाही. मी पाहिलं. हातोडा कधीच खाली पडला होता. लेनर्डचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला, आणि तो जमिनीवर पडूनसुद्धा एकच सांगत होता, पाटी वाचा, पाटी वाचा. पाटी एका खिळ्यावर तिरकी लोंबत होती. त्याच्या नाकाचं रक्त माझ्या बाहीला लागलं. तो डाग अजून आहे, सोलापूरच्या कुठल्याही साबणानं गेला नाही.

चौकशी बसली. समितीत तिघं, त्यातले दोघं निवृत्त पोलीस आणि तिसरा पोलिसांना डोनट पुरवणारा. साहेबांनी सांगितलं की झाकण आपोआप लागलं. चौघांनीही तेच सांगितलं. पाच झाकणं एकाच सेकंदाला आपोआप कशी लागली, असं डोनटवाल्यानं विचारलं. वारा होता, असं उत्तर मिळालं. ते लिहून घेतलं गेलं.

टिचबटण दाबून बघायचं कुणालाच सुचलं नाही. मी टेबलावर समोरच पडलो होतो हो! एकानं, फक्त एकानं अंगठा लावून बघितला असता तर संपलं होतं. साहेबांना पगारी रजा मिळाली, ते मासे पकडायला गेले. मला निलंबित केलं, खाकी कागदी पिशवीत घातलं, वर ‘दोषी वस्तू’ अशी चिठ्ठी लावली आणि जिथून आलो तिथं परत पाठवलं.

चिंचोळीला मी पोचलो तेव्हा सोबत चौकशीचा कागद होता, झाकण आपोआप लागून कॅमेरा झाकला गेला आणि एका माणसानं मार खाल्ला असं सांगणारा, आणि एक फॉर्म होता. त्यात रकाना एकच: जबाबदार कामगाराचं नाव. सही करून चार वाजायच्या आत मेल करा, नाहीतर पुढची ऑर्डर विसरा. हद्द बघा. सगळं पोलीस खातं उलटंपालटं करून तिकडं एक नाव सापडलं नाही, आणि आमच्या शिलाई हॉलमध्ये ते चारपर्यंत सापडायला हवं होतं.

आमचे मॅनेजर शिवराज साहेब. तरुण माणूस, ऑर्डरच्या विचारानं अर्धं टक्कल पडलेला. त्यांनी फार डोकं खाजवलं नाही. फॉर्मवर सरळ फुलाबाईचं नाव टाकलं आणि तिला बोलावून सांगितलं की उद्यापासून येऊ नका. मी टेबलावरच होतो. मला एकदम तो मंगळवार आठवला. तोच संशय, तेच न ऐकणं. मला वाटलं होतं, हे सगळं समुद्रापलीकडं ठेवून आलो मी.

फुलाबाईच्या एकटीच्या पगारावर चार माणसं जेवतात. तिनं आरडाओरडा केला नाही. पदराला हात पुसले आणि मला उचललं.

“बटन मी बसवलं, व्हय,” ती म्हणाली. “पर ते आपसूक लागत न्हाय, साहेब. अंगठा दाबावा लागतो.” तिनं सगळ्यांसमोर दाबलं. टच्. अख्ख्या हॉलमधल्या मशीनी थांबल्या.

शिवराज साहेबांनी बटण उघडून मला हँगरला टांगलं, हलवलं, झटकलं, शेवटी भिंतीवरच्या मोठ्या पंख्यापुढं दहा मिनिटं धरलं. मी गारठलो, पण बटण काही लागलं नाही. तरी ते म्हणाले की अमेरिकेच्या पोलिसांनी लिहून दिलंय, पोलीस काय खोटं लिहितील?

“आमच्या घराबद्दल पोलिसांनी लई लिवलंय, साहेब,” फुलाबाई म्हणाली. “माजा भाऊ माज्या हातचं जेवत बसला हुता, आन् त्येंच्या कागदात तो तवा दुसऱ्या तालुक्यात घर फोडत हुता. दोन वर्सं आत काडली त्येनं. तुमी लिवा माजं नाव. आमच्या नावाची सवय हाय कागदाला.”

घड्याळात पावणेचार झाले होते. शिवराज साहेबांनी सही करायला पेन काढलं, आणि तेव्हा कापायच्या टेबलावरून कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला.

“झाकन माजं हाय,” आबासाहेब मास्तर म्हणाले. “सॅम्पलला नव्हतं. मी टाकलं. बाईचं नाव खोडा.”

शिवराज साहेबांनी समजावलं, मास्तर, तुम्हाला काय वेड लागलंय का, तुमचं निवृत्तीला वर्ष राहिलंय. मास्तरांनी ऐकलं नाही. फुलाबाईचं नाव स्वतः खोडलं, तिथं आपलं लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ जोडली: टिचबटण अंगठ्यानं दाबल्याशिवाय लागत नाही. अमेरिकेच्या मोठ्या साहेबापासून आमच्या शहाजीपर्यंत एवढी माणसं मी पाहिली. “मी केलं” असं म्हणणारा पहिला माणूस मला तिथं भेटला. खरं सांगतो, मला रडू आलं, पण शर्टाचं रडणं लोकांना ओल वाटतं.

महिन्यानं उत्तर आलं. जबाबदार व्यक्ती सोलापुरात सापडल्यामुळं प्रकरण बंद केलं आहे. तिकडचे साहेब निर्दोष, शिवाय त्यांना बढती. खाली जोडलेल्या ओळीला फॉर्ममध्ये जागा नसल्यामुळं ती वाचलेली नाही. आणि शेवटी: सदर झाकण आमच्या दलाला अत्यंत सोयीचं वाटलं. बारा हजार शर्ट पाठवा. सॅम्पल तुमच्याकडं आहेच. म्हणजे मीच!

शिवराज साहेबांनी पेढे वाटले. मास्तरांना माफ केलं, कारण बारा हजार शर्ट कापायला तेच लागणार होते. मास्तरांनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही. फुलाबाईला विचारलं, त्या मार खाल्लेल्या माणसाचं काय लिहिलंय? तिनं शिवराज साहेबांना विचारलं. काहीच लिहिलं नव्हतं.

“म्हंजे माज्या सहीवर त्यो पोलीस सुटला,” मास्तर म्हणाले.

मापं घ्यायला मला कपाटातून काढून ठेवलं होतं, जेवायच्या सुट्टीत ते माझ्यापाशी आले. माझ्या गळ्यात आता लाखेची मोहोर लावलेलं सॅम्पलचं लेबल होतं. ते त्यांनी जपून बाजूला सारलं. मग कात्री घेतली आणि माझं झाकण मुळापासून कापून टाकलं. मला दुखलं नाही. फुलाबाईनं कापलेली कड आत दुमडून अशी शिवली की त्या कडेला कधी काही होतं असं वाटू नये.

शिवराज साहेबांच्या लक्षात आलं तेव्हा निम्मा माल शिवून झाला होता. ते लाल झाले. मास्तरांनी भिंतीवरच्या अक्षरांकडं बोट दाखवलं आणि म्हणाले की जसं सॅम्पल तसा माल, आता वाटलं तर फॉर्म भरा, सॅम्पल कुणाच्या ताब्यात होतं तेबी लिवा. सॅम्पलच्या कपाटाची किल्ली शिवराज साहेबांच्याच खिशात असते. त्यांनी घाम पुसला आणि फॉर्म राहू द्या म्हणाले. बारा हजार उघडे खिसे बोटीत बसून गेले.

अजून तक्रार आलेली नाही. ते तरी काय लिहिणार? झाकण नसल्यामुळं सगळं दिसतंय, असं?

मी आता कापायच्या टेबलामागं खिळ्यावर असतो. बाहीवर डाग आहे, खिशावर टिचबटणाची खालची टिकली तेवढी उरलीय. मास्तर पुढच्या महिन्यात निवृत्त होतील. लेनर्डच्या पाटीचा दुसरा खिळा कुणी ठोकला का, ते मला इथं कळायला मार्ग नाही.

तुमच्याकडं एक मागणं आहे. कधी चिंचोळीकडं आलात तर संध्याकाळी सहाला आमच्या गेटवर पाच मिनिटं उभे राहा. शहाजी अजून फुलाबाईची पिशवी दोनदा उघडतो. मला खिसा आहे, पण त्यात कॅमेरा नाही. तुम्ही बघा, आणि त्यानं विचारलं काय बघताय, तर सांगा, तुलाच.