दुधाशी न पटणारं अंबाडीचं बोंड

मी अंबाडीचं बोंड बोलतोय. लोक मला फूल म्हणतात, पण माझ्या पाकळ्या केव्हाच गळून गेल्या. त्या गळाल्यावर मागे उरतो तो जाड, लालभडक, आंबटढाण पेला म्हणजे मी. स्वभावानेही आंबटच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म बाभुळगावजवळच्या एका शेतात, कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर झाला. कपाशीचे लाड किती! तिला खत, फवारणी, निंदण. आमच्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे, तरी आम्ही माणसाच्या डोक्याइतके उंच वाढलो. कोवळा पाला भाजीसाठी खुडून नेत, बोंडं मात्र तिथेच वाळून मातीत जात. शेत होतं भीमराज आणि सत्यभामाबाई या नवरा-बायकोचं.

माझं नशीब उघडलं ते त्यांच्या सुनेमुळे, ममतामुळे. तिने फोनवर कुठल्याशा थंड देशातला जंगली गुलाबाच्या फळांचा चहा पाहिला. लाल, आंबट, सी जीवनसत्त्व असलेला, थंडीत घशाला ऊब देणारा. आता आमच्या यवतमाळात ती फळं कुठून यायची? पण ममताचं डोकं चाललं.

"हे तं आपल्या अंबाडीवानीच दिसते!" ती म्हणाली, आणि टोपली घेऊन धुऱ्यावर आली. तिने आम्हाला तोडलं, आतलं बी काढलं, सावलीत वाळवलं आणि काचेच्या बरणीत भरलं.

पहिला कप भीमराजांनी घेतला आणि डोळे गच्च मिटले. "गूळ टाक वो बाई, दात आंबले!" गूळ पडल्यावर मात्र त्यांनी कप निपटून काढला. मग शेजारीपाजारी येऊ लागले. कुणाला सर्दीत बरं वाटलं, कुणी सरबत केलं. एक जण तर म्हणाला, आता बीपीची गोळी बंद. मी बरणीत घाबरलो. रक्तदाब उतरायला माझा थोडाफार हातभार लागतो म्हणतात, पण दवाखान्यातली गोळी ती गोळी. माझ्या भरवशावर ती सोडू नका रे बाबांनो.

सत्यभामाबाईंनी मात्र मला तोंड लावलं नाही. "च्या म्हणजे दुधाचा. हे कायचं रंगाचं पाणी!" बशीत ओतून, फुंकर घालून, भुरके मारत दुपारचा चहा घेणं हे त्यांचं सुख.

आणि तोच चहा त्यांना नडत होता. पौर्णिमेला बुद्धविहारातल्या बाया अष्टशील, म्हणजे आठ नियमांचं व्रत घेतात. दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत जेवण नाही, दूधही नाही; कोरा चहा, गूळपाणी तेवढं चालतं. सत्यभामाबाईंना भुकेचं काही वाटत नसे. पण दुपार कलली की चहावाचून डोकं ठणकायचं, कोरा चहा घशाखाली उतरायचा नाही, आणि दर वेळी शील मोडायचं. मग रात्रभर त्यांना स्वतःचीच लाज वाटायची. माघ पौर्णिमेला त्या पांढरं लुगडं नेसून विहारात गेल्या, तेव्हा ममताला म्हणाल्या, "या खेपेस मोडलं, तं मी पुन्हा घेणारच नाही."

दुपार कलली. डोक्याला फडकं बांधून त्या भिंतीला टेकल्या होत्या. शेवटी धीर सुटला. "ममता, दे वो घोटभर दुधाचा. होत नाही माझ्याच्यानं."

"थांबा आत्याबाई, लाल च्या करून देतो," म्हणत ममताने माझी बरीचशी भावंडं उकळत्या पाण्यात टाकली. पाणी सुरेख लाल झालं. आणि रोजच्या सवयीने तिचा हात दुधाच्या गंजाकडे, पातेल्याकडे गेला. मी बरणीतून ओरडलो, पण बोंडाचं कोण ऐकतं? दूध पडलं आणि क्षणात फाटलं. गुलाबी पाण्यात पांढऱ्या गुठळ्या तरंगू लागल्या.

सत्यभामाबाईंनी भांड्यात डोकावून पाहिलं. "माय वो! दूध टाकलं तू? फाटलं नसतं तं म्या पिऊनच टाकलं असतं, अन् शील मोडलं असतं!"

"मले ध्यानच नाही राह्यलं," ममता रडकुंडीला आली. सासू मात्र हसत सुटली, पोट धरून हसली. आमच्या आंबटपणाचा मला जन्मात एवढा अभिमान वाटला नव्हता.

बरणीत उरलेल्यांत मी होतो. या वेळी पाणी आणि गूळ, बस्स. बाईंनी मला बशीत ओतलं, फुंकर घातली, भुरका मारला, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा भुरका मारला. त्यांची डोकेदुखी माझ्यामुळे उतरली की हसण्यामुळे, देव जाणे. सगळं श्रेय घेत नाही. थोडं घेतो.

सकाळी उजाडल्यावर ममताने दुधाचा चहा पुढे ठेवला. बाईंनी बशी उचलली, पण लगेच ओठांना लावली नाही. "पाळलं वो ममता मी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग मनसोक्त भुरके मारत त्यांनी तो सगळा चहा संपवला. मला मुळीच वाईट वाटलं नाही. त्यांची एक दुपार मी निभावून नेली, मला पुष्कळ झालं.

ममता गाळणीतला माझा कालचा चोथा टाकायला निघाली, तर सासूने अडवलं. "फेकतं कायले? मिरची, गूळ, मीठ लाव अन् चटणी वाट." म्हणून मी आता पाट्यावर आहे. रंग गेला, आंबटपणा थोडा शिल्लक आहे. धुऱ्यावरच्या माझ्या भावंडांना मातीत जाऊ देऊ नका, एवढं मागतो. बाईंनी वरवंटा उचललाय. बरं, येतो. भाकरी तयार ठेवा.