हाय आणि व्हय

दिशा तीन वर्षांची व्हायला आली तरी बोलत नाही, हे दिपालीला मोबाईलने सांगितलं. त्याआधी तिला नुसती शंका होती, आणि शंका तर कुठल्याही आईला येतेच. मोबाईलने सांगितल्यावर मात्र त्या शंकेचं निदान झालं.

नगरच्या सावेडीतल्या ज्या शाळेत दिशाला घालायचं होतं, तिथे प्रवेशाआधी 'बोलांकुर' नावाचं ॲप घ्यावं लागायचं. फोन लेकराजवळ ठेवायचा, बाकी काही करायचं नाही. घरात दिवसभर जे बोललं जाईल ते ॲप ऐकायचं, निवडायचं, पाखडायचं आणि संध्याकाळी पडद्यावर एक रोपटं दाखवायचं. मूल छान बोललं तर रोप हिरवं, बेताचं बोललं तर पिवळं, बोललंच नाही तर मान टाकलेलं. ज्यांचं रोप हिरवं नाही त्या मुलांना शाळा वर्षभर थांबवायची. दिशाचं रोप पहिल्या दिवसापासून मान टाकून बसलं होतं. शेजारी आईचंही एक बारकं रोप असायचं आणि त्याखाली रोज उमटायचं : 'पालकांचे इंग्रजी : अल्प. प्रयत्न वाढवावेत.'

दिपालीने प्रयत्न वाढवले. इंग्रजीचे नाही, ते तिला घरात बोलायला कसंतरीच वाटायचं. पण मराठीचे वाढवले. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी ती बाई. रोप सुकत असेल तर पाणी घालायचं, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. सकाळी उठल्यापासून तिचं सुरू व्हायचं. "आता मम्मी भेंडी चिरते आहे. भेंडी हिरवी आहे. भेंडी लांब आहे. ही बघ, भेंडी कढईत गेली." दिशा ओट्याखाली डबे मांडून बसायची आणि भेंडीचा सगळा प्रवास तोंड मिटून ऐकायची.

"अगं, जरा दम घे," तिचा नवरा कल्याण डबा भरता भरता म्हणायचा. एमआयडीसीत त्याची सकाळची पाळी असायची. "एकटीच बॅटिंग करतेस. तिला कधी चान्स मिळणार?"

"तुम्हाला चेष्टा सुचतेय. तिचं वर्ष जाईल."

"तिचं कसलं वर्ष? ती अजून तीनचीसुद्धा नाही."

एखादवेळी दिशा बोलायचीही. सोनईला आजीकडे दिवाळीला राहून आल्यापासून तिच्या तोंडी एक शब्द बसला होता. चेंडू कुठे आहे विचारलं की पलंगाखाली बोट दाखवून ती म्हणायची, "हाय." दिपाली लगेच गुडघ्यावर बसायची. "हाय नाही, राजा. आहे म्हण. आ-हे." दिशा तिच्या ओठांकडे बघायची, मग पंख्याकडे बघायची, आणि त्या संध्याकाळपर्यंत पुन्हा तोंड उघडायची नाही. जास्त पाण्यानेही रोप मान टाकतं, हे दिपाली दरसाल पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवायची.

अशात कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा लागल्या आणि दिशाला सांभाळणारी बाई नेमकी गावी गेली. सासूबाई, लंकाबाई, सोनईहून आल्या, नातीचे कपडे पिशवीत कोंबले आणि म्हणाल्या, "नेते हिला. तू कर तुझ्या परीक्षा."

दिपालीने त्यांच्या हातात जुना फोन दिला. "आई, हा सतत तिच्याजवळ ठेवायचा. चार्जिंग संपू द्यायचं नाही. आणि एक सांगू का, रागावू नका. तिच्यासमोर जरा शुद्ध बोला. हाय, न्हाई, व्हय असलं नको."

"काय म्हन्ली?" लंकाबाईंना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं आणि दिपाली नेमकी डावीकडे उभी होती.

दिपालीने पुन्हा सांगितलं.

"मंग मी काय मुकी बसू का काय तिच्यापुढं?"

"तसं नाही हो. शाळेचा प्रश्न आहे."

"बरं बाई. आहे म्हनीन. आहे, आहे, आहे," असं घोकत लंकाबाई जिना उतरल्या. रिक्षावाल्याला त्यांनी विचारलं, "स्टँडला येनार हाय का?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिपालीने आपल्या मोबाईलवर रोप उघडलं तर त्याची मान वर होती. तिसऱ्या दिवशी पानं फुटली. आठवडा संपायच्या आत रोपाला फूल आलं आणि खाली अहवाल आला : 'इंग्रजी अभिवादन : सहज व वारंवार. कारण विचारणारे इंग्रजी प्रश्न : वयाच्या मानाने असामान्य. मूल दिवसभर "का?" असे विचारते. जिज्ञासा उत्तम.'

दिपालीने तो अहवाल स्टाफरूममध्ये उभ्याने वाचला, मग बसून वाचला. सोनईत, कांद्याच्या चाळीशेजारी, गाईच्या गोठ्यासमोर, तिची मुलगी इंग्रजीत प्रश्न विचारत होती. तिने फोन लावला.

"आई, दिशाला इंग्रजी कार्टून लावून देता का?"

"कसलं कार्टून? दिवसभर लाईट कुटं असती इथं."

"मग शेजारचं कोणी येतं का? इंग्लिश मिडियमचं?"

"कोन न्हाई गं. आमी दोघीच. लई बोलती मात्र. डोकं उठिवती."

"काय बोलते?"

"काय म्हन्ली?"

दिपालीने फोन ठेवला. शंका आली नाही असं नाही. तिला झोपेतही शंका यायची. पण आजवर वाईट सांगताना ज्या ॲपवर तिने डोळे मिटून विश्वास ठेवला, त्याने चांगलं सांगितल्यावर संशय घ्यायचा, हे तिलाच बरं दिसेना. संध्याकाळी खालच्या मजल्यावरची निकिता जिन्यात भेटली. तिचा पार्थ दिशाएवढाच. तो अखंड बोलायचा. नळ, जेसीबी, कुत्रं, पोलीस यांची एकच लांबलचक गोष्ट करायचा. ॲपला ती गोष्ट काही झेपत नसावी, कारण पार्थचं रोप पिवळ्याच्या पुढे जात नव्हतं. दिपालीने सहज दाखवल्यासारखा मोबाईल पुढे केला.

निकिताने फूल पाहिलं. "इतक्या दिवसांत? क्लास लावलास?"

"छे गं. सासूबाईंकडे आहे ती. मोकळं वातावरण, बस."

"सासूबाई काय शिकलेल्या आहेत?"

"तशा… अनुभवी आहेत," दिपाली म्हणाली आणि दोन पायऱ्या जास्तच भराभर चढली.

शाळेतली मुलाखत सोमवारी होती, म्हणून शनिवारी ती दिशाला आणायला निघाली. शनिवार असल्यामुळे शिंगणापूरच्या गाड्यांनी रस्ता भरला होता. सोनईत पोचेपर्यंत तिने मनात सगळं ठरवलं होतं. दिशा 'मम्मी' म्हणून धावत येईल, इंग्रजीत काहीतरी विचारेल, आपण दचकायचं नाही, शांतपणे इंग्रजीतच उत्तर द्यायचं. उत्तराचं एक वाक्य तिने एसटीत जुळवूनही ठेवलं होतं.

घरापुढे टेम्पो उभा होता. टेम्पोच्या पलीकडून दिशाचा आवाज आला आणि दिपाली अलीकडेच थांबली. किती दिवसांनी, खरं तर पहिल्यांदाच, तो आवाज असा सुटलेला ऐकत होती ती.

"मांजर हाय का गं खाली?" लंकाबाई विचारत होत्या.

"हाय."

"काय म्हन्ली?"

"हाय! हाय तितं! चाकामागं हाय!"

"पिल्लं हायेत का संगं?"

"न्हाई. पिल्लं चाळीत हाय. मी बगितली. डोळे मिटून हाय."

"दूध द्यायचं का तिला?"

"व्हय."

"काय?"

"व्हय! व्हय, आज्जे! व्हय!"

दिपालीने टेम्पोच्या फाळक्याला हात टेकला. मुलगी बोलत होती. डोळे मिटलेल्या पिल्लांचं, चाकामागच्या मांजरीचं, पूर्ण, जोडून, ओरडून बोलत होती. तिचे डोळे भरून आले. ते पुसायच्या आतच तिला दुसरं ऐकू आलं. ॲपला जे ऐकू आलं, ते. हाय म्हणजे इंग्रजी नमस्कार. व्हय म्हणजे इंग्रजी 'का?'. आणि आजीचा डावा कान मंद, म्हणून दोन्ही शब्द तीन-तीनदा.

आपली मुलगी दिवसभर मांजरीला इंग्रजीत नमस्कार करते आणि दुधाचं कारण विचारते. दिपालीला हसू फुटलं, आणि ते दाबताना रडूही दाबलं गेलं.

लंकाबाई तिला बघून उठल्या. दिशाच्या गळ्यात जुन्या साडीच्या काठाची शिवलेली पिशवी होती, तिच्यात फोन, आणि पिशवीला काळा दोरा. "तू म्हन्ली व्हती ना, संगं ठेवा. पडतोय म्हनून शिवली. दोरा नजरंचा. लोक इचारत्यात ना, हिच्या गळ्यात काय हाय म्हनून. मी सांगते, इंग्रजीचं यंत्र हाय."

"मम्मी," दिशा म्हणाली, "मांजर बग."

दिपालीने एसटीत जुळवलेलं वाक्य गिळून टाकलं. "कुठंय?" तिने विचारलं.

"तितं हाय."

दिपालीने चाकामागे वाकून पाहिलं. मांजर होती. ती काही दुरुस्त करायला गेली नाही.

रविवारचा दिवस मात्र तिला खायला उठला. कल्याण पोट धरून हसला आणि मग गंभीर झाला. "गप्प बस. सीट मिळू दे. आपण थोडंच खोटं सांगितलंय? यंत्राने सांगितलंय."

"आणि पार्थचं? तो इतका बोलतो आणि त्याला पिवळा ठेवलाय. त्याचं वर्ष जाणार."

"निकिताने विचारलंय का तुला?"

"नाही."

"मग?"

पण दिपालीला चैन पडत नव्हती. ज्या रोपाने तिला महिनाभर झोपू दिलं नव्हतं ते खोटं होतं. आणि फूलवालं मान्य करायचं तर मान टाकलेलंही मान्य करावं लागलं असतं. तिला दोन्ही फेकून द्यायची होती. सीट तेवढी ठेवून.

सोमवारी शाळेने मुलांना दोघा-दोघांनी, आयांसकट आत बोलावलं. दिशाबरोबर पार्थ आला. मुख्याध्यापिका मॅडमच्या टेबलावर टॅब उभा होता, तो ऐकत होता. मॅडमनी हत्तीचं चित्र पुढे धरलं.

"दिशा, इथे हत्ती आहे का?"

"हाय."

टॅबवर हिरवा ठिपका उमटला.

"त्याला केळं द्यायचं?"

"व्हय."

पुन्हा हिरवा.

"पण हत्ती बाहेर कसा येणार?"

"येनार न्हाई. चित्रातला हाय. खरा न्हाई."

मॅडमनी चित्र स्वतःकडे वळवून बघितलं. पार्थने संधी साधून हत्तीला जेसीबीने कसं उचलायचं ते सांगायला घेतलं. नळ आला, कुत्रं आलं, पोलीस आले. टॅबवर लिहून आलं : 'संदर्भहीन. प्रवेशासाठी पुढील वर्षी यावे.' निकिताचा चेहरा उतरला.

"मॅडम, एक सांगायचंय," दिपाली म्हणाली. "दिशा इंग्रजी बोलत नाही. ती हाय म्हणते म्हणजे आहे म्हणते. व्हय म्हणजे हो. आमच्या सोनईकडचं आहे ते. हे यंत्र चुकीचं ऐकतंय. पार्थचंही चुकीचंच ऐकत असणार. तो तर हिच्यापेक्षा चांगला बोलतो."

मॅडमनी चष्मा काढला. "माझं माहेर शेवगावचं," त्या हळू म्हणाल्या. "मला कळलं ते."

"मग?"

त्यांनी टॅब दिपालीकडे फिरवला. "मी काय ऐकलं ते भरायला इथे जागाच नाही. पूर्वी मीच मार्क द्यायचे. पालक म्हणायचे, मॅडम ओळखीच्यांना घेतात. म्हणून हे आणलं. आता कोणाची तक्रार नाही."

"पण ते चुकीचं आहे."

"हो," मॅडम म्हणाल्या. "पण सगळ्यांना सारखंच चुकीचं आहे." त्यांनी बटण दाबलं. दिशाचा प्रवेश झाला. खाली सूचना आली : 'मुलाचे भाषिक वातावरण बदलू नये.'

फाटकाशी निकिताने दिपालीला गाठलं. तिला वाटलं होतं निकिता आभार मानेल, निदान खांद्यावर हात ठेवेल.

"सांगायचं नव्हतं तर सरळ नाही म्हणायचंस," निकिता म्हणाली. "हाय म्हणजे आहे म्हणे. मला काय वेडी समजतेस?"

"अगं, खरंच सांगतेय."

"राहू दे. तुझं गुपित तुझ्याजवळ." ती दोन पावलं गेली आणि परत आली. "तुझ्या सासूबाई दुपारच्या मोकळ्या असतात का?"

वातावरण बदलायचं नाही म्हणून लंकाबाई सावेडीत राहायला आल्या. निकिताने शाळेकडून फेरतपासणी मागून घेतली आणि पार्थला रोज दुपारी वर पाठवायला लागली; तिकडे त्याच्या रोपाचा रंग पालटू लागला. लंकाबाईंनी सोनईला फोन करून कळवलं, की नगरात आपली इंग्रजीची शिकवणी चालते आणि लोक लई मान देतात. तिकडून कोणीतरी काहीतरी विचारलं. "काय म्हन्ली?" त्या म्हणाल्या.

एके संध्याकाळी दिपाली कॉलेजातून आली. दिशा ओट्याखाली डबे मांडून बसली होती. दिपालीने भेंडी काढली, सुरी घेतली, आणि भेंडीविषयी काही बोलली नाही. तिच्याशेजारी फरशीवर बसली.

"भूक हाय का गं?" तिने विचारलं.

"व्हय," दिशा म्हणाली. "लई."

"काय करू?"

"भेंडी नको. भेंडी लांब हाय."

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. दिपालीने काळा दोरा बाजूला करून बघितलं. तिचं स्वतःचं बारकं रोप पहिल्यांदाच हिरवं झालं होतं. खाली लिहिलं होतं : 'अभिनंदन. पालकांचे इंग्रजी सुधारत आहे.'