तीस मोजेपर्यंत

हल्ली आमच्या इमारतीखाली दुचाक्यांची एवढी दाटी असते की चालताना अंग चोरावं लागतं. पण आमच्या घरात पहिली मोटरसायकल आली तो शनिवार मला अजून जसाच्या तसा आठवतो.

हे लिफ्ट मेकॅनिक होते. कुठं लिफ्ट अडकून माणसं कोंडली की फोन यायचा आणि हे बस पकडून धावायचे. मग कंपनीनं फर्मान काढलं. फिरतीवरच्या प्रत्येकाकडे स्वतःची मोटरसायकल हवी, तीही दीडशे सीसीच्या खालची नको, कारण मागे हत्यारांची जड पेटी बांधून रोज शहरभर हिंडायचं. सोमवारी सुपरवायझर एकेकाला चालवायला लावून बघणार होते. जमलं नाही तर फिरती बंद, स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट द्यायचे. पूर्वी एक जण तिथं गेला होता. वर्षभरात तो माणूस ओळखू येईना.

चालवायचा प्रश्न नव्हता. लग्नाआधी मित्राची गाडी ह्यांनी भरपूर पिदडली होती. प्रश्न डाव्या हाताचा होता. सहा महिन्यांपूर्वी तो लिफ्टच्या दोराखाली सापडला. जखम भरली, डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली, पण हाताची पकड गेली होती. हे ह्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, मलासुद्धा. बरणी काखेत दाबून एका हातानं झाकण उघडताना मी बघायचे आणि न बघितल्यासारखं करायचे. विचारलं असतं तर ह्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

त्या शनिवारी गाड्यांच्या दुकानात आमच्याबरोबर माझा दीर आला. तो ह्यांच्याच कंपनीत कारकून. मनाचा सरळ, पण तोंडात तीळ भिजत नसे. त्याला हाताचं कळलं असतं तर सोमवार उजाडायच्या आत सुपरवायझरांना कळलं असतं.

आमच्या ऐपतीत बसणाऱ्या तीनच गाड्या होत्या. एक काळी, एक लाल, आणि कोपऱ्यात राखाडी रंगाची, जुन्या घाटाची.

"दादा, काळी बघ. घोडा आहे नुसता," दीर म्हणाला.

हे काळीवर बसले. विक्रेत्याला लिटरमागं किती जाते, सीट केवढी, टायर कुठले, सगळं विचारलं. विचारता विचारता डाव्या हातानं क्लच दाबून धरला, आणि ह्यांचे ओठ हलायला लागले.

मला ते ओठ ओळखीचे होते. लिफ्टचा ब्रेक दुरुस्त केला की हे लोक तो लावून तीसपर्यंत मोजतात. तीस होईपर्यंत लिफ्ट जागची हलली नाही, तरच माणसांना आत घेतात. मीही मनात मोजायला लागले. अकराला ह्यांची बोटं सुटली. ह्यांनी हात सहज खिशात घातला, जणू रुमाल शोधताहेत.

लालवर एकोणीस.

राखाडीवर तीस झाले, पस्तीस झाले, तरी बोटं मिटलेलीच. माझा जीव भांड्यात पडला.

"ती कशाला घेतोस?" दीर म्हणाला. "टपाल वाटायला जायचंय का? गेटातून आत शिरलास की ऑफिस हसेल. अहो, काळीचा फॉर्म आणा."

विक्रेत्यानं फॉर्म पुढं केला. हे एकदा राखाडीकडे बघत, एकदा भावाकडे. 'मला ही हलकी पडते' एवढं बोलणं ह्यांच्या जिवावर आलं होतं. ह्यांनी पेन हातात घेतलं.

"काळी नको," मी म्हटलं. "मला चालवता येणार नाही."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

"वहिनी, तुम्ही चालवणार?" दीर हसत सुटला. "तुम्हाला साधी सायकल तरी येते का?"

"शिकेन. म्हणून तर हलका क्लच हवाय. माझ्या हाताला ती राखाडीच जमेल."

"दादा, ऐक. आता वहिनी लिफ्टा दुरुस्त करणार, तू पोळ्या लाट."

ह्यांचा चेहरा लाल झाला. "चारचौघांत काय हे?" एवढंच पुटपुटले. पण फॉर्मवर लिहिली राखाडी. घरी येताना मी मागे बसले होते. मी जाणूनबुजून केलं, की खरंच डोकं फिरलंय माझं, हे ह्यांना कळत नसावं. आणि मला ते सांगण्याची सोय नव्हती.

रविवार अबोल्यात गेला.

सोमवारी डबा द्यायच्या निमित्तानं मी कंपनीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. आवारात मालाच्या गाड्यांसाठी सिमेंटचा चढ होता. पेटी बांधून चढाच्या मध्यावर थांबायचं, गिअर काढायचा नाही, म्हणजे क्लच दाबूनच ठेवायचा, आणि सुपरवायझरांनी वर केलेला हात खाली आला की निघायचं, अशी परीक्षा. ह्यांच्या आधीच्याची गाडी मागे घसरली होती आणि पेटी उलटून पाने-पकडी आवारभर सांडल्या होत्या.

हे मध्यावर थांबले. सुपरवायझरांचा हात वर गेला. मी मोजत होते. वीस. पंचवीस. तीस झाले, हात खाली येईना. छत्तिसाला ह्यांचं कोपर थरथरायला लागलं. चाळीस. मी डबा छातीशी घट्ट धरला. चव्वेचाळीसला हात खाली आला, गाडीनं एक हिसका दिला आणि ती वर गेली.

सुपरवायझर ह्यांच्यापाशी गेले. त्यांनी स्वतः क्लच दाबून पाहिला, मग खाली वाकून ह्यांच्या डाव्या हाताकडे बघितलं. मला वाटलं, संपलं.

"गाडी कुणी निवडली?"

"बायकोनं," हे म्हणाले.

"बरं. रोज रबरी चेंडू दाबत जा. आठवडाभर पश्चिमेकडचा चढाचा भाग तुला देत नाही." आणि त्यांनी पुढच्याला हाक मारली.

हे गाडी ढकलत फाटकापाशी आले. डबा घेतला, डाव्या हातानं घेतला, आणि तो पेलेना म्हणून मी खालून धरला. ह्यांनी धरू दिला.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"बरणीपासून," मी म्हटलं.