गाण्यांखालचा आवाज

एका व्हीसीआरबद्दल माणसं इतकं लिहीत असतील याची मला कल्पना नव्हती. आमचा विकायचा होता, म्हणून मी त्याचा मॉडेल नंबर फोनवर टाकला आणि जुन्या मशीनवाल्यांचं एक पान उघडलं. मालकांची मतं, शंभराच्या वर. एकाने लिहिलेलं, तेव्हा हा माझ्या स्कूटरपेक्षा महाग होता, स्कूटर कधीच भंगारात गेली. दुसऱ्याने पाच तारे देऊन लिहिलेलं, बायको म्हणते घरात हा राहील नाहीतर मी; विचार करतोय. थांबवलेलं चित्र जराही थरथरत नाही यावर कुणी अर्धं पान खर्ची घातलं होतं, तर कुणाच्या मशीनमधला रबरी पट्टा वितळून आत डांबर झालं होतं. उन्नतीला पाजता पाजता, एका हाताने, मी सगळी मतं वाचून काढली.

आमच्याकडे तो सासऱ्यांबरोबर आला. बाबांचा, म्हणजे दयाराम भोईरांचा, जूचंद्रात व्हिडिओ शूटिंगचा धंदा होता. लग्न, हळद, साखरपुडा, बारसं. ब्याण्णव साली मस्कतच्या चुलतभावाकडून त्यांनी हे मशीन मागवलं. दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या, पुढे चाकासारखी गोल कळ, आणि वजन असं की मला एकटीला उचलत नाही. जूचंद्रचं घर पाडायला दिल्यावर बाबा बोळिंजला आमच्या वन बीएचकेत राहायला आले, ते दोन बॅगा आणि हा व्हीसीआर घेऊन. त्याला कुणी हात लावायचा नाही. ते स्वतः जुन्या बनियनच्या फडक्याने तो पुसायचे.

उन्नती रांगायला लागली तेव्हा माझा नवरा, स्वरूप, म्हणाला की आता जागा नाही, विकून टाकू. बाबा भांडतील असं मला वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, विकू नको, भंगारात दे. तीस वर्षं ज्यावर धूळ बसू दिली नाही ते मशीन हा माणूस भंगारात द्यायला सांगतो, हे ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

पण स्वरूपला त्याआधी एक कॅसेट फोनवर उतरवून हवी होती. त्याच्या बारशाची. त्याची आई, गुलाब, फक्त त्या कॅसेटमध्ये आहे. स्वरूप पाच महिन्यांचा असताना ती लंगोट धुवायला तळ्यावर गेली आणि पाय घसरून बुडाली. त्याला वाढवलं आत्याने, रखमाबाईंनी. त्याही लॉकडाऊनमध्ये गेल्या. कॅसेटमध्ये आई वीसेक मिनिटं दिसते. ओठ हलतात, पण वर सिनेमातली गाणी. तेव्हा सगळ्यांच्याच कॅसेटवर अशी गाणी टाकायचे. मंडपातली भांडी, पोरांचं रडणं, बायकांचा कलकलाट कुणाला ऐकायचा होता? ती कॅसेट स्वरूपने लहानपणी पन्नास वेळा तरी पाहिली असेल. आईचा आवाज कसा होता, हे तो येईल त्याला विचारायचा. आत्या म्हणायची बारीक होता, शेजारीण म्हणायची घोगरा. बाकीची मुलं पगार सांगतात, तसं लग्नाआधी राजोडीच्या किनाऱ्यावर त्याने मला हे सांगितलं होतं. की मी आईचा आवाज कधीच ऐकलेला नाही, आणि आता तो कुठूनच मिळणार नाही.

त्या मतांमध्ये एक मत वसईचं निघालं. व्हिन्सेंट, होळी गाव. चार तारे. त्यांनी लिहिलेलं: मी चर्चची लग्नं या मशीनवर केली. मशीन आवाज दोन जागी ठेवतं, हे फार जणांना माहीत नाही. एक तारा कमी, कारण त्यामुळे मी दोनदा अडचणीत आलो.

खाली नंबर होता. फोन केला तर त्यांनी आधी विचारलं, कुणाची गो तू, आणि माझं माहेर आगाशीचं ऐकल्यावर शनिवारी नवे पट्टे घेऊन स्वतः आले. बाबा नेमके तेव्हा नायगावला दाखल्याच्या कामाला गेले होते. व्हिन्सेंट अंकलनी तासाभरात मशीन चालू केलं आणि पुढच्या झडपेखाली चिकटवलेल्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं. याच्याखाली आवाजाचा खटका आहे, म्हणाले, तो कुणी बुजवला? मग समजावलं. गाणी टाकायची ती टेपच्या कडेला. खरा आवाज चित्राच्या खाली दडलेला असतो, तो तसाच राहतो. साधा व्हीसीआर फक्त कडेचं वाचतो. हे मशीन दोन्ही वाचतं. खटका फिरवला की गाणी जातात.

“एका नवऱ्यामुलाने फिरवला होता,” ते हसत म्हणाले. “सासू त्याच्याबद्दल काय बोलली ते सगळं ऐकलं त्याने. मला येऊन शिव्या. मी म्हटलं, बाबा रे, सासू तुझी, मशीन माझं.”

ते गेले आणि मी स्वरूपला काही सांगितलं नाही. मला त्याला चकित करायचं होतं. त्याच्या आईचा आवाज फोनमध्ये घेऊन ठेवायचा आणि संध्याकाळी त्याच्या कानाला लावायचा. मी कितीदा तरी मनात ते करून पाहिलं.

मंगळवारी दुपारी उन्नती झोपली, बाबा खाली बाकावर बसायला गेले. मी कॅसेट घातली. पाळणा, फुगे, आणि सिनेमातलं अंगाईगीत. नखाने काळी पट्टी खरवडून काढली आणि खटका सरकवला.

गाणं कापल्यासारखं थांबलं. ताटांचा आवाज आला. कुणीतरी पाणी मागत होतं. कुणाचं पोर रडत होतं, कदाचित स्वरूपच. तेहतीस वर्षांपूर्वीची ती खोली माझ्या हॉलमध्ये येऊन बसली.

कॅमेरा स्टँडवर ठेवलेला असावा, कारण चित्र हलत नव्हतं. बायका जेवायला उठल्या. कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात दोघी उरल्या, तरुण रखमाबाई आणि हिरवी साडी नेसलेली गुलाब. मांडीवर टोपडं घातलेलं बाळ. गुलाबने कॅमेऱ्याकडे पाहिलं.

“ते चालू हाय,” ती म्हणाली.

तोच आवाज. बारीक नव्हता, घोगराही नव्हता. जरा दमलेला, खालच्या पट्टीतला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“बोल गो,” रखमाबाई म्हणाल्या. “आवाज कुटं येतो त्यात. वर गानीच टाकतात.”

गुलाबने बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. मग बाळाकडे न बघता म्हणाली, “मना याचं कायच वाटत नाय, वन्सं. रडतो तवा वाटतं, कोनाचं तरी पोर रडतंय. उठते, पाजते, परत ठेवते. आतून कायच येत नाय.”

“व्हतं तसं पयल्या पोराला.”

“तळ्यावर जाते ना, तवा वाटतं आता घरी जावच नाय. तितंच पाय सोडून बसावं. मना भेव वाटतंय.”

“नजर लागली तुला. आज काढते.”

मी मशीन बंद केलं. बटण सापडत नव्हतं, दोनदा भलतंच दाबलं गेलं. मग मी फरशीवर बसले. पाय घसरला, असं या घरात सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

उन्नती तीन आठवड्यांची असताना मी स्वयंपाकघरात उभं राहून स्वरूपला म्हणाले होते की हिला कुणाला तरी देऊन टाकू, मला ही नको. भाजीला कोथिंबीर नको म्हणावं तशा सुरात. तो घाबरला, पण ओरडला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला विरारच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, हा आजार आहे, याला औषध आहे. चार महिने गोळ्या घेतल्या. एके सकाळी मालिश करताना उन्नती हसली, आणि मला एकदम तिची भूक लागल्यासारखं झालं. तोवर मी समजत होते की जगात अशी आई फक्त मीच.

आणि इथे ती हिरव्या साडीत बसून तेच सांगत होती. समोर कॅमेरा चालू होता आणि कुणी ऐकत नव्हतं.

दाराशी बाबा उभे होते. हातात वेलची केळ्यांची फणी. त्यांनी टीव्ही पाहिला, मग फरशीवर पडलेला काळ्या पट्टीचा चुरा.

“ऐकलंस?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. ते चपला न काढताच खुर्चीवर बसले. मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? केळ्यांची फणी मांडीवर ठेवून ते बोलायला लागले.

त्या दिवशी ते घरचे यजमान. पंगत वाढायची होती, म्हणून कॅमेरा चालू करून स्टँडवर ठेवला आणि विसरले. मग लग्नसराई. एप्रिल-मेमध्ये एकेका दिवशी दोन-दोन हळदी. गिऱ्हाइकाची कॅसेट आधी द्यायची. घरची काय, कधीही होईल. गुलाब दोनदा म्हणाली, आपली कॅसेट कधी दाखवता. ते म्हणाले, पावसात. मे महिन्यात ती गेली. जूनमध्ये ऑर्डरी संपल्या तेव्हा बारशाचं चित्रण काढून ते एकटे जोडायला बसले, आणि ते बोलणं तेव्हा ऐकलं.

“तीन महिने ते माझ्या कपाटात होतं,” बाबा म्हणाले. “ती कपडे ठेवायची त्याच कपाटात.”

मग मीच विचारलं, की पुसून का नाही टाकलं?

“चित्राच्या खाली असतो तो आवाज. पुसायचा तर तिचा चेहरा पन जातो. दुसरी कॅसेट नव्हती. कडेला गानी टाकली आन् खटका बुजवला. पोरगं बघायला बसायचं, मी भायेर जायचो.” मग त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. सासऱ्याने सुनेपुढे. “त्याला नको ऐकवू. आईला आपन नको होतो, हे कोनाला कशाला कळावं?”

मी त्यांचे हात धरून खाली केले. कबूल मात्र काही केलं नाही.

स्वरूप साडेसहाला आला. मी त्याला चकित वगैरे केलं नाही. चहा दिला, आणि जे होतं ते सगळं सांगितलं. कॅसेटमध्ये खरा आवाज आहे, तो चांगला नाही, म्हणजे आवाज चांगला आहे पण बोलणं तसं नाही. ती काय म्हणते तेही सांगितलं. तळ्याचंही. माझं स्वयंपाकघरातलं वाक्य आठवतंय ना, विचारलं. आणि म्हटलं, मला उन्नती नको होती असं तुला वाटतं का? तुझ्या आईलाही तू नको होतास असं नाही. ती आजारी होती आणि घरात एकालाही ते कळलं नाही.

त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. तो आतल्या खोलीच्या दाराकडे बघत म्हणाला, “लाव.”

बाबा दारात येऊन उभे राहिले. मी कॅसेट लावली. त्या दोघींचं बोलणं सुरू झालं तसा स्वरूप टीव्हीच्या पुढ्यात खाली जमिनीवर जाऊन बसला. सगळं ऐकलं. नजर लागली तुला, आज काढते, इथपर्यंत. मग मागे न बघता त्याने विचारलं, “बाबा, तुम्ही तेव्हा ऐकलं असतं तर काय केलं असतं?”

मला वाटलं, बाबा म्हणतील डॉक्टरकडे नेलं असतं. तेहतीस वर्षं तेच स्वतःला सांगत आले असतील.

“नजरच काढली असती,” बाबा म्हणाले. “मना तरी काय माहीत होतं?”

मी मशीन बंद करायला उठले, कारण दुपारी मी इथेच थांबवलं होतं आणि पुढे काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. स्वरूपने हातानेच राहू दे अशी खूण केली. टेप चालत राहिली. रखमाबाईंनी बाळाचं टोपडं नीट केलं. म्हणाल्या, आताच नाव ठेवलंय, नाव घेऊन हाक तर मार, बघ कसा बघतो. गुलाबने मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. ती हाक मारणार नाही असंच वाटत होतं.

“स्वरूप,” ती म्हणाली. त्यात माया नव्हती, रागही नव्हता. पाटीवरचं अक्षर पहिल्यांदा वाचून बघावं, तशी हाक.

“ओ,” स्वरूप म्हणाला.